दोन चंद्रांचं बंदर आणि एक पेव

नमस्कार मंडळी. पंखा जरा कमी करता का, कागद उडतायत. बंद नको हो, कमी. हां.

पत्रिकेत विषय छापलाय 'दोन चंद्रांचं बंदर', आणि मगाशी जिन्यात एक काका मला म्हणाले, सांगलीत कसलं बंदर, इथनं समुद्र बघायचा तर रत्नागिरीची एसटी धरावी लागते. बरोबर आहे काका. तेच तर माझं दुखणं आहे. आपली कृष्णामाई महाबळेश्वरला उगम पावते, तिथनं पश्चिमेचा समुद्र सरळ रेषेत धरला तर साधारण ६५ किलोमीटर, आणि बाईंनी काय केलं तर त्याच्याकडं पाठ फिरवली आणि चौदाशे किलोमीटर चालत थेट बंगालच्या उपसागराला गेल्या. सावित्री बघा, उगम त्याच डोंगरावरचा, पण ती कडा उतरली, महाडवरनं गेली आणि बाणकोटला समुद्राला मिळाली, काम संपलं. मला शाळेत नकाशा बघताना राग यायचा की हिलाही तिकडं वळायला काय झालं होतं, आपल्या घाटावर मचवे लागले असते. तर त्या रागातनं माझं कल्पनेतलं, दोन चंद्रांचं बंदराचं गाव निघालं. नांगरपट्टण. गेली अकरा वर्षं मी त्याच्या गोष्टी लिहितोय, घरच्यांना सोडून सगळ्यांना आवडतात.

नावावरनं पण गंमत झाली. आमच्या आत्यानं पहिली गोष्ट ऐकली आणि विचारलं, नांगर म्हणतोस, मग ऊस आहे का तिथं? म्हटलं आत्या, जहाजाचा नांगर. ती म्हणे, मग गाव खातं काय? आता व्युत्पत्तीवाले सांगतात की शेतातला नांगर संस्कृत लांगलवरनं आला आणि जहाजाचा फारसी लंगरवरनं, दोघांची सोयरीक नाही. नसू दे. आत्याचा प्रश्न मात्र पक्का आहे, आणि आज मी जे सांगायला आलोय ते एवढंच आहे, की बंदर समुद्रानं होत नाही हो, मागच्या मुलखानं होतं. आधी घाट, मग धक्का. नाणेघाटात तो दगडी रांजण दाखवतात बघा, जकातीचा म्हणून, तो कशासाठी? खाली कल्याण, सोपारा, वर जुन्नर, मधे बैलांचे तांडे. राजापूर घ्या. अर्जुना नदीवरचं केवढं बंदर, इंग्रजांची वखार होती तिथं, अणुस्कुरा घाटानं वरचा माल उतरायचा, आणि खाडी गाळानं भरली तसं बंदर बसलं.

हे मी एका दिवाळी अंकाच्या संपादकांना फोनवर तासभर समजावलंय. नाव नको. बारा पानांची गोष्ट दिली होती, तिची पहिली अडीच पानं म्हणजे घाट उतरणारा बैलांचा तांडा. अंक आला तर चित्रात दीपगृह, सूर्यास्त आणि खडकावर एक मत्स्यकन्या, ती पण केस वाळवत. गोष्टीत मत्स्यकन्या नाहीच! आणि माझे बैल गायब, अडीच पानं सपाट. फोन केला तर म्हणे, अहो फँटसीत बैल कसे चालतील, वाचक हसतील. म्हटलं ड्रॅगन चालतो? म्हणे हो, ड्रॅगन घाला की. म्हटलं साहेब, एका ड्रॅगनला दिवसाला कडबा किती लागतो ते सांगा, मी घालतो. फोन ठेवला त्यांनी. मानधनही आलं नाही, पण ते सोडा, मला मानधनापेक्षा बैलांचं जास्त लागलंय. सध्या कल्पित जगांचं नुसतं पेव फुटलंय, ज्याला त्याला आकाशात दोन चंद्र पाहिजेत, पण खाली गोणी कोण उचलतो ते कुणी लिहीत नाही.

पेव म्हटल्यावर हसलात, कारण तुम्हाला पेव माहितीय, हळद साठवायचं जमिनीखालचं कोठार. मी चौतीस वर्षं मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होतो, तिथं कामाला लागायच्या आधी एकदा वडिलांबरोबर इथं सांगलीजवळ हरिपूरला पेव उघडायला गेलो होतो. वरनं बघाल तर काही नाही, एक माणूस उतरेल एवढं तोंड, खाली पोट मात्र खोलीएवढं, आणि वर्षानुवर्षं हळद त्यात गप पडून. झाकण काढलं तशी एक कोंदट, तिखट, ओल्या मातीची वाफ वर आली, डोळ्यात पाणी. मी वाकून बघायला गेलो तर म्हाताऱ्या हमालानं कॉलर धरून मागं ओढला. मग दोरीला कंदील बांधून खाली सोडला. सगळे गप. ज्योत बारीक झाली, निळसर झाली, गेली. 'अजून नाही,' म्हातारा म्हणाला, म्हणजे खाली श्वास घेण्याजोगी हवा नाही, आणि सगळे निवांत पानं खायला बसले. तासाभरानं परत कंदील, परत गेली. संध्याकाळी तिसऱ्यांदा राहिली तेव्हा माणूस उतरला. जादू म्हणतात ती मी तेवढीच बघितलीय, आणि नांगरपट्टणात पण तेवढीच आहे. वखारी नाहीत तिथं, धक्क्यामागं पेवं आहेत. भाव जनावरांच्या बाजारात ठरतो तसा, रुमालाखाली बोटं धरून. तिथल्या चेटक्याला सहा बोटं आहेत म्हणून त्याच्याशी कुणी सौदा करत नाही.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. अरे बापरे, अजून चंद्र उगवायचेत.

बरं, पटापट. आपल्या कोकणातला तांडेल तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतो, चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता. पुनवेला-अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी कमी चढतं. एका चंद्राचं हे. दोन चंद्र असले तर दोन तिथ्या, दोन पंचांगं, दोघं एका ओळीत आले की असं पाणी येणार की धक्काच बुडेल, आणि एकमेकांशी काटकोनात आले की आठ-आठ दिवस जहाजं गाळात. म्हणजे गावात खरा राजा कोण? भरतीचं कोष्टक लिहिणारा कारकून. कायदा पण त्यावरनंच, जहाज गाळात आहे तोवर सावकारानं तगादा लावायचा नाही.

आणि मोठं उधाण म्हणजे काय ते सांगलीकराला शिकवायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर ४० फूट इशारा, ४५ धोका, हे आपल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं, २०१९ ला तर ५७ च्या वर गेलं. २००५ च्या पुरात हरिपूरची पेवं बुडाली, हळद गेली. तोच प्रश्न नांगरपट्टणात, पेवात पाणी शिरलं तर नुकसान कुणाचं, पिकवणाऱ्याचं की पेवाच्या मालकीची चिठ्ठी ज्याच्या खिशात त्याचं? तिथला नियम, चिठ्ठीवाल्याचं. त्यामुळं उधाणाच्या आदल्या रात्री चिठ्ठ्या अशा हात बदलतात की काय सांगू, आणि एक पेव असं आहे की ते चार पिढ्या न उघडता नुसतं विकलं जातंय.

हो हो, आवरतोच. वहिनी, तुम्ही विचारताय म्हणून सांगतो, नवीन गोष्टीत ते उघडलंय. दोन्ही चंद्र एका ओळीत, पाणी पायरीला लागलेलं, चिठ्ठी एका बारा वर्षांच्या पोरीकडं आलेली. झाकण काढलं, दोरीला कंदील बांधून खाली सोडला, सगळे वाकून बघतायत. ज्योत बारीक झाली, निळी झाली. आणि मग खालनं कुणीतरी वात मोठी केली.

चला, चहा गार होतोय म्हणतायत.