आधी परवानगी, मग दावा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. काही माणसं मात्र ती पायरी उतरायलाच तयार नसतात.

भांडण मुळात बांधाचं असतं, नाहीतर वाटणीचं. भावावर दावा लावला, हरला. अपील केलं, तेही फेटाळलं गेलं. मग तलाठ्यावर फिर्याद, कारण उतारा त्याने दिला. मग भावाच्या वकिलावर. शेवटी ज्यांनी निकाल दिला त्या न्यायाधीशांवरच. मजकूर तोच, गट नंबर तोच, प्रतिवादी तेवढे वाढत जातात. आणि त्या प्रत्येकाच्या दारात समन्स घेऊन बेलीफ उभा राहतो. दावा कितीही फुसका असो, वकील लावावा लागतो, तारखेला रजा टाकावी लागते. गेलं नाही, तर एकतर्फी हुकूमनाम्याची टांगती तलवार. खटला जिंकूनही हाती काय, तर पुढचं समन्स.

अशांना आवर घालणारा कायदा इंग्लंडने १८९६ साली केला. डोळ्यांसमोर होता अलेक्झांडर चॅफर्स, स्वतःच एक सॉलिसिटर. त्याने कोर्टात खेचलेल्यांत प्रिन्स ऑफ वेल्स होते, संसदेचे सभापती होते आणि ब्रिटिश म्युझियमचे विश्वस्तसुद्धा. आपल्याकडे मद्रासने १९४९ मध्ये ही वाट धरली, महाराष्ट्राने १९७१ मध्ये.

महाराष्ट्राच्या कायद्यात अर्ज करायचा तो राज्याच्या महाधिवक्त्यांनी, म्हणजे राज्य सरकारच्या मुख्य वकिलांनी, उच्च न्यायालयात. गांजलेल्या भावाने थेट जाऊन ‘याला आवरा’ म्हणायची सोय नाही. त्याला हे जाचक वाटेल, पण ते योग्यच आहे. नाहीतर भाऊबंदकीत हाच कायदा हत्यार झाला असता. त्या माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायचं. तो सवयीने आणि वाजवी कारणाशिवाय त्रासदायक खटले भरतो अशी खात्री झाली, तरच आदेश. नुसतं वारंवार हरणं हा काही गुन्हा नव्हे.

आदेश झाला की तो राजपत्रात छापला जातो. पुढे नवा दावा किंवा फिर्याद लावायची, तर बृहन्मुंबईत उच्च न्यायालयाची आणि इतरत्र जिल्हा व सत्र न्यायाधीशांची परवानगी आधी घ्यावी लागते.

मग न्यायाचा हक्क हिरावला का? मद्रासच्या कायद्याबाबत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६५ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की हक्क जात नाही. समोरच्याला त्रास होण्याआधी दाव्यातला खरेपणा पाहिला जातो, इतकंच. परवानगीच्या वेळी न्यायाधीश अख्खा खटला चालवत नाहीत. प्रथमदर्शनी काही आधार आहे का, एवढंच बघतात. खटल्यांची खोड असलेल्या माणसालाही उद्या कुणी खरोखर फसवू शकतं, आणि तेव्हा दार उघडायलाच हवं. ही चाळणी नेमकी किती बारीक असावी, ते मात्र त्या खुर्चीवरच्या माणसावर सोडलं आहे.

देशभरासाठी एकच कायदा करा, अशी शिफारस कायद्यांत सुधारणा सुचवणाऱ्या विधी आयोगाने २००५ मध्ये आपल्या १९२व्या अहवालात केली.

महाराष्ट्राच्या कायद्यात परवानगीशिवाय लावलेलं प्रकरण कोर्टाने फेटाळायचंच असतं. अपवाद फक्त त्या परवानगीसाठीच केलेल्या अर्जाचा. कायदा लिहिणाऱ्यांनी ही खाचही बुजवून ठेवली, नाहीतर परवानगी मागायलाही आधी परवानगी लागली असती!