आंब्याखालची पिंपळी

(आंब्याचा बुंधा, भोवती तडकलेली काळी माती)

नाशिकच्या गंगापूर रोडवरचा मळा. जुन्या आंब्याखाली इथं गवतही टिकत नाही. अशा जागेसाठी नर्सरीत बहुतेकदा पिवळ्या फुलांची वेडेलिया मिळते. ती मूळची अमेरिकेकडची, ओढ्याकाठी उतरली की आवरत नाही. इथं लावलीय पिंपळी. सुंठ-मिरीबरोबर त्रिकटूत असते, तीच.

(हातात वेल, पेरं जवळून)

पेराजवळ बारीक मुळं दिसतायत? ओल्या मातीला टेकली की तिथं वेल नव्यानं रुजतो. अधांतरी राहिली तर नुसती लांबी वाढते. पुढची सगळी खटपट पेर टेकवण्यासाठी.

(कात्री, पिशव्या)

मार्च-एप्रिलमध्ये वर्षभराच्या वेलाची तीन-चार पेरांची कांडी घ्यायची. खालची दोन पेरं मातीत. पिशवी चार बाय सहा इंची, भोकं पाडलेली; माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत समभाग. नुसती काळी माती भरली तर पाणी धरते, कांडी बुडातून सडते. कणसं, म्हणजे वाळवून औषधात वापरतात ती फळं, हवीत तर कांडी मादी वेलाची. तिचं कणीस आखूड नि जाड, नराचं लांब नि सडपातळ.

(पाऊस, लागवड)

दोन-तीन चांगले पाऊस झाले की लागवड. दोन फूट अंतर कणसांच्या पिकासाठी ठीक. जमीन झाकायची तर फूट-दीड फूट. बुंध्याभोवती फूटभर मोकळं. खड्डा वीतभर. आंब्याचं जाड मूळ लागलं तर तोडू नका, खड्डा सरकवा.

आता हे हात बघा. पाचोळा बाजूला, पेर मातीवर, वर मूठभर माती, मग पाचोळा परत. पाचोळ्याच्या थरावरच वेल सोडला की पेरं लोंबकळतात, आणि लोक म्हणतात पिंपळी पसरत नाही.

फार गर्द सावलीत कणसं धरत नाहीत. खालच्या दोन-चार फांद्या विरळ करा.

(डागाळलेलं पान)

पावसाळ्यातला करपा. अशी पानं काढून एक टक्का बोर्डो फवारायचं: लिटरला दहा ग्रॅम मोरचूद, दहा ग्रॅम चुना. द्राक्षवाल्या नाशकाला हे काय शिकवायचं!

(उकरलेली मुळं)

उन्हाळ्यात पाणी देऊनही वेल मलूल दिसला तर मुळं पाहा. हा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. वेल मुळासकट काढून नष्ट करा. मुंग्या त्याला शेजारच्या वेलावर नेतात, त्यांचाही बंदोबस्त हवा.

आंब्याला मोहोराआधी ताण लागतो. तेव्हा पिंपळीला पाणी बेतानंच.

(सुपात कणसं)

कणीस धरल्यापासून साधारण दोन महिन्यांनी, पिकण्याआधी, काळपट हिरवं असताना तोडायचं. चार-पाच दिवस कडक ऊन. दहा किलो ओल्याची दीड-दोन किलो वाळलेली पिंपळी उरते.