चाकाखालचा ठोकळा निवडताना

श्रोतेहो, नमस्कार. उभे केलेले वाहन जागचे हलू नये म्हणून चाकाला लावतात तो ठोकळा, म्हणजेच व्हील चॉक, कोणत्या वाहनासाठी कसा निवडावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

दुकानात गेल्यावर बहुतेक जण मोटारीसाठी किंवा ट्रकसाठी ठोकळा द्या, असे सांगतात आणि समोर येईल तो घेऊन परततात. माझ्या मते घोळ होतो तो इथेच, कारण वाहनाच्या नावावरून ठोकळ्याचे माप ठरत नाही. ते ठरते टायरच्या व्यासावरून, चाकावर येणाऱ्या वजनावरून आणि खालच्या जमिनीवरून.

आधी उंचीचे पाहू. ठोकळ्याची उंची टायरच्या व्यासाच्या किमान चौथा हिस्सा असावी, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. मोटारीचा टायर जमिनीपासून 64 सेंटीमीटर उंच भरला, तर ठोकळा 16 सेंटीमीटरचा हवा. मालट्रकचा टायर साधारण एक मीटरचा असतो, तेव्हा तिथे 25 सेंटीमीटरच्या खाली जाऊ नये. या चौथ्या हिश्श्यामागे साधे यंत्रशास्त्र आहे. चाकाला अडथळा ओलांडायचा असेल तर त्यावरचा सगळा भार आधी वर उचलला गेला पाहिजे. टणक चाक आणि उभी कड धरून गणित मांडले, तर व्यासाच्या चौथ्या हिश्श्याइतकी कड चढण्यासाठी चाकावरील वजनाच्या सुमारे पावणेदोन पट आडवा जोर लागतो. उंची आठव्या हिश्श्यावर आणली, की वजनापेक्षाही कमी जोर पुरतो. खरा टायर दबतो आणि ठोकळ्याचा पृष्ठभाग तिरपा असतो, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे वेगळे येतील. पण ठोकळा निम्म्याने ठेंगणा झाला की त्याची ताकदही जवळपास निम्म्यावर येते, ही गोष्ट त्यातून स्पष्ट होते.

आता भाराचे. शंभर मीटरला दहा मीटर चढणाऱ्या रस्त्यावर दीड टनाची मोटार उताराकडे साधारण दीडशे किलो जोराने ओढ घेते, तर त्याच रस्त्यावर पंचवीस टनांचा भरलेला ट्रक अडीच टनांची ओढ घेतो. म्हणून ठोकळ्यावर किंवा उत्पादकाच्या तक्त्यात दिलेली क्षमता वाहनाच्या रिकाम्या वजनाशी नव्हे, तर भरलेल्या वजनाशी ताडून पाहावी. हलक्या वाहनांना चांगल्या प्रतीचे प्लास्टिक चालते. जड वाहनांना भरीव रबर किंवा पॉलियुरेथेन, म्हणजे रबरासारखे चिवट प्लास्टिक, बरे. लाकूड स्वस्त पडते, पण ते तेल पिते, पावसात भिजते आणि कधीतरी तंतूंच्या रेषेवर चिरते. इंधनाच्या टँकरजवळ साधे पोलादी ठोकळे वापरू नयेत, कारण फरशीवर घासून ठिणगी उडण्याचा धोका असतो. रस्त्याकडेच्या दगडाविषयी काय बोलावे? त्याचा तळ टायरशी जुळत नाही, दाब आला की तो घरंगळतो, आणि वाहन निघून गेल्यावर तिथेच पडून राहून मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर उठतो.

जमिनीचा विचार मात्र फारसा कोणी करत नाही. कोरड्या काँक्रीटवर रबराचा तळ घट्ट धरतो; तोच ठोकळा तेलकट फरशीवर चाकासकट घसरत जातो. खडीवर किंवा बर्फावर तळाला धातूचे दात असलेला ठोकळा लागतो आणि चिखलात रुंद तळाचा, नाहीतर तो भाराने रुततो व त्याची उंची तिथल्या तिथे कमी होते.

ट्रॅक्टरच्या बाबतीत पुढचे चाक लहान, म्हणून त्याला छोटा ठोकळा लावून काम भागवण्याचा मोह होतो. पण बहुतांश भार मागच्या मोठ्या चाकांवर असतो, त्यामुळे ठोकळा त्यांच्याच मापाचा घ्यावा. दोन आसांच्या ट्रेलरसाठी दोन चाकांच्या मधे बसवून पसरवायचा प्रकार मिळतो. त्याने ट्रेलरचे डुलणे थांबते, परंतु जमिनीवरच्या ठोकळ्याला तो पर्याय नाही. ट्रेलर जोडणीतून सोडवण्याआधीच ठोकळे लागलेले असावेत, सोडवल्यानंतर धावपळ करून नव्हे. मोटारसायकलचे तर गणितच निराळे, कारण तिला घरंगळण्याइतकेच आडवे पडण्यापासून वाचवायचे असते. म्हणून पुढचे चाक धरून ठेवणारा साचा आणि दोन्ही बाजूंना ताणलेले पट्टे लागतात.

हँडब्रेक असताना ठोकळा कशाला, असे विचारणाऱ्यांनी जॅक लावतानाचा प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. बहुतेक मोटारींत हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. ती चाके उचलली, की तो निरुपयोगी होतो. गिअरमध्ये ठेवलेली गाडीही फसवते, कारण इंजिनाची ताकद मिळणाऱ्या चाकांपैकी एक हवेत गेले, की डिफरन्शिअलमुळे, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या दातेरी यंत्रणेमुळे, ते उलटे फिरू शकते आणि जमिनीवरचे दुसरे मोकळे होते. अशा वेळी जमिनीवर राहणाऱ्या चाकांना, पुढून आणि मागून, जॅक लावण्यापूर्वीच ठोकळे हवेत. लांब घाट उतरून आलेल्या वाहनात तापलेली ब्रेकची डिस्क थंड होताना आकसते आणि ओढलेला हँडब्रेक त्यामुळे थोडा सैलावू शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

ठोकळा टायरच्या मध्यावर, सरळ आणि पूर्ण टेकवून ठेवावा. तिरका ठेवला तर भार एका कोपऱ्यावर येऊन तो निसटतो. काढताना ब्रेक लावलेला असताना वाहन चढाकडे किंचित सरकवून घ्यावे लागते, असे काहींना वाटते, पण ब्रेक लावून वाहन सरकणार कसे? चालकाने आपल्या जागी बसून, पायाचा ब्रेक सोडत अलगद चढाच्या दिशेने घ्यावे, टायरचा दाब सुटला की पुन्हा ब्रेक दाबून धरावा, आणि मगच बाजूला उभ्या असलेल्या सहकाऱ्याने दोरीने ठोकळा ओढून घ्यावा. दाबाखाली अडकलेल्या ठोकळ्यावर हातोडा किंवा लाथ मारू नये. म्हणून विकत घेतानाच दोरी किंवा साखळी अडकवायला कडी आहे ना, हे पाहावे, आणि भडक पिवळा किंवा नारिंगी रंग निवडावा, म्हणजे निघण्याच्या घाईत ठोकळा चाकाखालीच विसरला जाणार नाही.