ओढ्याकाठची मिनिटं

[दृश्य: कात्रजचा डोंगर, पावसाळी संध्याकाळ]

पुण्यात कात्रजच्या डोंगरातून निघालेला आंबील ओढा सहकारनगर, अरण्येश्वर करत दांडेकर पुलापुढे मुठा नदीला मिळतो. उन्हाळ्यात त्याच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री मात्र तो घराघरांत शिरला. टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळली, माणसं गेली.

मुठेवर निदान धरण आहे. दरवाजे किती उघडले, किती क्युसेक सोडले, हे सांगता येतं. ओढ्याला दरवाजा नाही. डोंगरावर पाऊस कोसळला की पाणी थेट उंबऱ्याशी.

[दृश्य: पुलाच्या खालची बाजू]

अशा ठिकाणी पुलाला खाली तोंड करून एक छोटा रडार सेन्सर बसवता येतो. तो पाण्याकडे लहरी सोडतो. त्या परत यायला लागलेल्या वेळेवरून पातळी कळते. पाण्याला तो शिवतही नाही, त्यामुळे पुरात वाहत आलेली झाडं, गाद्या त्याला सहसा मोडत नाहीत. वर डोंगरात पर्जन्यमापक. दोघांचे आकडे दर काही मिनिटांनी मोबाइल नेटवर्कवरून संगणकाकडे जातात.

कृत्रिम बुद्धिमत्तेचं काम इथे सुरू होतं: पडलेल्या पावसावरून ओढा किती चढेल, याचा अंदाज बांधायचा. जूनचा पहिला पाऊस जमीन पिऊन टाकते. सप्टेंबरात तीच जमीन तुडुंब असते, मग तेवढाच पाऊस पूर आणतो. हा फरक यंत्र जुन्या नोंदींवरून शिकतं. पण ओढ्याचं पात्र अरुंद केलं, काठावर नवी भिंत उभी राहिली, की जुन्या नोंदींवरून शिकलेलं चुकतं. ओढा बदलणाऱ्यांनी निदान त्याची नोंद तरी यंत्राला द्यायला हवी, असं मला कळकळीने वाटतं.

[दृश्य: आंबेगाव तालुका, धुक्यातली भातखाचरं]

माळीण. ३० जुलै २०१४. रोजची एसटी आली आणि चालकाला समोर गावच दिसलं नाही. बाहेरच्या जगाला बातमी कळली ती अशी. दीडशेच्या आसपास माणसं डोंगराखाली गेली होती. डोंगर सुटण्याआधी अनेकदा मातीच्या पोटातला पाण्याचा दाब वाढतो, उतार किंचित कलतो. जमिनीत भोक पाडून बसवलेले सेन्सर हेच टिपतात. केरळात मुन्नारला २००९पासून अशी यंत्रणा आहे. सह्याद्रीतल्या आपल्या वाड्यांनाही ती मिळायला हवी.

आकाशातून पडणाऱ्या विजेसाठी पुण्यात पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आहे. आसपास वीज पडत असेल तर ते फोनवर सावध करतं. शेतात काम करणाऱ्या प्रत्येकाकडे ते असावं.

[दृश्य: सिंहगड रस्ता, रात्र]

२५ जुलै २०२४. खडकवासला धरणातून विसर्ग वाढला आणि एकता नगरीत पाणी आलं तेव्हा लोक झोपेत होते. रात्री अडीचला इशाऱ्याचा फोन वाजला, तर तळमजल्यावरच्या आजींना कोण उचलणार? गोळ्यांची पिशवी, कागदपत्रं कुठे आहेत? जायचं कुठे?

म्हणून आधी वस्तीत चालून पाहा. आजींचा हात धरून उंचावरच्या रस्त्यापर्यंत जायला किती मिनिटं लागतात, ते घड्याळ लावून मोजा. त्यात जागं व्हायला, शेजारचं दार वाजवायला लागणारी मिनिटं मिळवा. मग ठरेल, पाणी कुठवर चढलं की पुलाखालच्या त्या डब्याने ओरडायचं.