लॉगिन एकदाच, ब्राउझर मात्र कोरा

(दृश्य: सांगलीचं मार्केट यार्ड. सौद्यासाठी मांडलेले हळदीचे नमुने. त्यानंतर विश्रामबागेतली एक खोली. स्क्रीनवर फॉर्म आपोआप भरला जातोय.)

निवेदन:

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. सौदा झाला की वजन, दर, हमाली, तोलाई यांचा हिशेब होऊन शेतकऱ्याची पट्टी निघते. ती काढणाऱ्या वेब अ‍ॅप्लिकेशनमध्ये जरासा बदल झाला, तरी सगळ्या टेस्ट, म्हणजे ब्राउझर आपोआप चालवून अ‍ॅप्लिकेशन तपासणारे छोटे प्रोग्राम, पुन्हा चालवाव्या लागतात. इथे दहा रुपयांची चूकसुद्धा शेतकऱ्याच्या खिशातून जाते.

समजा, टेस्ट ८० आहेत आणि प्रत्येक टेस्ट आधी लॉगिन करते. एका लॉगिनला ६ सेकंद धरले तर ४८० सेकंद, म्हणजे आठ मिनिटं नुसती दारातच गेली.

मग मोह होतो तो एकच ब्राउझर उघडून सगळ्या टेस्ट त्यातच चालवण्याचा.

(दृश्य: लॉटची यादी, अगदी जवळून.)

इथे नीट बघा. टेस्टला बारा लॉट हवेत, यादीत चारच आहेत. वर फिल्टर लागलाय : ‘राजापुरी’, म्हणजे हळदीची एकच जात. तो लावला आधीच्या टेस्टने, आणि अ‍ॅप्लिकेशनने लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरमधल्या साठवणीत, जपून ठेवला. हीच टेस्ट एकटी चालवली की पास, सगळ्यांबरोबर चालवली की फेल. अशी चूक शोधण्यात अख्खी दुपार जाते, आणि पट्टीच्या हिशेबात दोष नसतोच मुळी.

टेस्टनी वाटून घ्यायचं ते फक्त लॉगिन. प्लेराइट या टेस्ट चालवणाऱ्या साधनात त्याची सोय आहे. सुरुवातीला एक सेटअप टेस्ट चालते, लॉगिन करते आणि कुकी (सर्व्हरने ओळख म्हणून ब्राउझरला दिलेली छोटी नोंद) व लोकल स्टोरेज एका फाइलमध्ये उतरवते. याला म्हणतात स्टोरेज स्टेट. पुढची प्रत्येक टेस्ट स्वतःचा नवा कॉन्टेक्स्ट, म्हणजे ब्राउझरमधला वेगळा कप्पा, उघडते, तोही या फाइलवरून. ब्राउझर तोच, पण कॉन्टेक्स्ट कोरा. आधीचा फिल्टर तिथे पोचतच नाही.

घाई नडते ती फाइल उतरवताना. लॉगिनचं बटण दाबल्या दाबल्या सेव्ह केलं, तर सर्व्हरने कुकी अजून दिलेलीच नसते. डॅशबोर्डवर वापरणाऱ्याचं नाव दिसेपर्यंत थांबायचं, मगच सेव्ह करायचं.

फाइल बरोबर असूनही सगळ्या टेस्ट लॉगिनच्या पानावर येऊन आदळत असतील, तर टोकन, म्हणजे लॉगिनचा पुरावा, कुठे ठेवलंय ते तपासा. सेशन स्टोरेज, म्हणजे टॅब बंद होताच पुसली जाणारी साठवण, या फाइलमध्ये येत नाही. ते वेगळं वाचून ठेवावं लागतं आणि पान लोड होण्याआधी स्क्रिप्टने परत भरावं लागतं.

सेलेनियम या अशाच दुसऱ्या साधनात कुकी हाताने घालाव्या लागतात. आधी त्याच डोमेनचं एखादं पान उघडायचं, मग कुकी घालायची, मग पान रिफ्रेश करायचं. पान न उघडताच कुकी घातली की कुकीचं डोमेन अवैध असल्याची एरर ठरलेली.

कालची फाइल आज वापरू नये. सर्व्हरवरचं सेशन (लॉगिनची नोंद) ३० मिनिटांत संपत असेल आणि टेस्ट ४० मिनिटं चालत असतील, तर शेवटच्या टेस्ट विनाकारण पडतात. दर वेळी नवी फाइल काढायची, आणि टेस्ट सेशनपेक्षा लांबल्या तर मध्येही. अडत्या, खरेदीदार, अ‍ॅडमिन यांच्या फाइल वेगळ्या ठेवायच्या. टेस्ट समांतर चालत असतील तर प्रत्येक वर्करला (टेस्टची एकेक रांग चालवणाऱ्या प्रोसेसला) स्वतंत्र खातं द्यायचं, कारण कॉन्टेक्स्ट कितीही कोरे असले तरी मागचा डेटाबेस एकच असतो. दोघांनी एकच लॉट बदलला की गोंधळ झालाच.

आणि ही फाइल गिटमध्ये, म्हणजे कोडच्या सामायिक साठ्यात, जाऊ देऊ नका. ती ज्याच्या हाती लागेल तो पासवर्डशिवाय आत येतो.

(दृश्य: टेस्टची यादी. एकेका ओळीपुढे हिरवी खूण. मध्येच ओळीने लाल.)

ही लाल रांग लागली ती लॉगआउटच्या टेस्टनंतर. तिने सर्व्हरवरचं सेशनच बंद केलं, आणि तीच कुकी वापरणाऱ्या सगळ्या टेस्ट बाहेर फेकल्या गेल्या. लॉगआउट, पासवर्ड बदलणं, चुकीचा पासवर्ड या टेस्ट रिकाम्या स्टोरेज स्टेटवर, वेगळ्या खात्याने, फॉर्म भरूनच चालवायच्या.