एट माईल रोडच्या अलीकडे

हा १९३०च्या दशकातला एक अमेरिकी सरकारी फॉर्म आहे. वस्तीतल्या घरांचे बांधकाम, वय आणि डागडुजी यांच्या नोंदींबरोबरच तिथे ‘निग्रो’ राहतात का, असल्यास किती टक्के, आणि कोणाचा ‘शिरकाव’ सुरू आहे, हेही त्यात भरायचे आहे. घरमालकांना कर्जे देणाऱ्या होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने अशा नोंदींवरून दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले. उत्तम वस्ती हिरवी, मग निळी, मग पिवळी आणि कर्ज देण्यास ‘धोकादायक’ ती लाल. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळजवळ सगळीकडे लाल रंगातच गेल्या.

कृष्णवर्णीयांना घरकर्जे नाकारल्याचे जेवढे खापर आज या नकाशांवर फोडले जाते, तेवढे ते दोषी नाहीत, कारण कॉर्पोरेशनने लाल भागांतही कर्जे दिली होती. दार बंद केले ते १९३४ साली स्थापन झालेल्या फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने. ही संस्था स्वतः कर्ज देत नसे, बँकेच्या कर्जाला हमी देत असे. ती हमी असली की थोडी रक्कम आधी भरून वीस-पंचवीस वर्षांच्या हप्त्यांवर घर घेता येई. कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, किंवा तिला लागून असलेल्या जमिनीवर, मात्र ती सहसा मिळत नसे. डेट्रॉइटच्या उत्तर भागात १९४१ साली एका बांधकाम व्यावसायिकाला गोऱ्या कुटुंबांसाठी घरे बांधायची होती. शेजारच्या कृष्णवर्णीय वस्तीमुळे हमी अडली, तेव्हा त्याने मधे सहा फूट उंच, एक फूट जाड आणि सुमारे अर्धा मैल लांब काँक्रीटची भिंत घातली. हमी मिळाली.

ज्यांना बँका उभ्या करत नव्हत्या, त्यांनीही घरे घेतली, पण कोणत्या अटींवर? शिकागोत १९५० आणि ६०च्या दशकांत दलाल गोऱ्या मालकांना वस्ती बदलत असल्याची भीती घालून घरे स्वस्तात घेत आणि तीच कृष्णवर्णीय कुटुंबांना चढ्या भावाने करारावर विकत. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी विकणाऱ्याकडेच राही. दुरुस्तीचा खर्च घेणाऱ्याच्या माथी असे, आणि एखादा हप्ता चुकला तरी घर जाई, भरलेले सगळे पैसे बुडत.

घरांच्या विक्रीत आणि भाड्यात वंशभेद करण्यास १९६८च्या फेअर हाउसिंग कायद्याने मनाई केली. तोवर हमीच्या कर्जावर घेतलेल्या उपनगरांतल्या घरांच्या किमती कितीतरी चढल्या होत्या आणि त्या घरांच्या जोरावर मुलांची शिक्षणे, पुढच्या पिढीची घरे उभी राहत होती. ज्यांना आधी नकार मिळाला होता, त्यांना आता नकार नव्हता. ती किंमत परवडत नव्हती.

डेट्रॉइटच्या त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना आज बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबेच राहतात. विभागणीची रेघ तिथून उत्तरेला, एट माईल रोडवर, म्हणजे शहराच्या हद्दीवर सरकली. शहरातल्या शाळांमधली वांशिक विभागणी मोडण्यासाठी उपनगरांनाही सामील करून घेण्याची योजना खालच्या न्यायालयांनी मान्य केली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली ती पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळली, कारण उपनगरांच्या शाळांनी स्वतः भेदभाव केल्याचे सिद्ध झालेले नव्हते. मुळात कृष्णवर्णीय मुले हद्दीच्या अलीकडेच का राहत होती, याचा पुरावा पहिल्या सुनावणीत मांडला गेला होता. अपिलात तो बाजूला ठेवला गेला.