दोन जवानांचा स्वेटर

नमस्कार श्रोतेहो. सीमेवर तणाव वाढला की कट्ट्यावर पहिला प्रश्न ठरलेला, 'आपल्या बाजूनं कोण?' जून 2020 मध्ये लडाखच्या गलवान खोऱ्यात चिनी फौजेशी झटापटीत आपले 20 जवान मारले गेले, तेव्हाही हाच. मला मात्र आजीचा स्वेटर आठवतो.

1962 चा नोव्हेंबर. चिनी फौजा आत शिरलेल्या, आणि आमच्या पंचवटीत बायका जवानांसाठी स्वेटर विणायला बसलेल्या. आजीनं जन्मात फक्त बाळांच्या कुंच्या विणलेल्या. मी आठ वर्षांचा; दोन्ही हातांवर हिरव्या लोकरीची लडी धरून बसायचो, खाज सुटली तरी हात हलवायचा नाही. (हल्ली लोकर म्हणून विकतात ते काय असतं, देव जाणे.) आता माप कुणाचं घ्यायचं? आजोबा काडीपैलवान. मग दूध घालायला येणाऱ्या गवळीदादांना दारातच उभं केलं. ते तालमीतले! त्यांची छाती सुतळीनं मोजली. स्वेटर बघून आजोबा म्हणाले, "यात दोन जवान मावतील."

"मावू देत. थंडी काय एकट्यालाच वाजते?"

एक बाही राहिली, तोच 21 नोव्हेंबरला चीननं एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. "आता राहू दे," आजोबा म्हणाले. आजी म्हणाली, "लढाई थांबली, थंडी थांबली का?" दुसरी बाही झाली. बोटभर लांबच झाली.

तर, बाहेरची मदत. नेहरूंनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींकडे लढाऊ विमानं मागितली. ती यायच्या आत युद्धबंदी झाली. शस्त्रं मात्र आली, अमेरिकेची नि ब्रिटनचीही. पाठोपाठ आग्रह आला, काश्मीरवर पाकिस्तानशी बोला. शेजारीण वाटीभर साखर देते आणि जाता जाता सामाईक भिंतीचा विषय काढते, तसं. बोलण्याच्या सहा फेऱ्या झाल्या, हाती काही नाही. साखर आली की भिंत येते, श्रोतेहो. 1971 ला, बांगलादेशच्या लढाईत, संयुक्त राष्ट्रांत सोव्हिएत व्हेटो (नकाराधिकार) वेळेवर मिळाला, कारण सोव्हिएत संघाशी आपला करार ऑगस्टमध्येच झाला होता, लढाई डिसेंबरात. 2020 मध्ये ट्रम्प मध्यस्थीला तयार होते. आपण नको म्हटलं, चीननंही. मग फौजी अधिकारी समोरासमोर बसत राहिले. लडाखमधल्या देपसांग, देमचोकच्या गस्तीचं जुळायला ऑक्टोबर 2024 उजाडला. जवानांचे चार हिवाळे तिथंच गेले.

हो, एक राहिलंच. यशवंतराव संरक्षणमंत्री झाले आणि 1963 ला आपल्या नाशकातून लोकसभेवर बिनविरोध गेले. सगळं गाव खूश. आजी सोडून. "बिनविरोध कसले? मला शिक्का मारायचा होता!"